दोन फूट कमी

बंदरावर धोक्याचा बावटा चढला की गावाला माझी आठवण येते. एरवी वर्षभर माझ्या दारात कुणी फिरकत नाही, आणि वादळ दोन दिवसांवर आलं की रांग लागते. ताई, माझी आधी शिवा. ताई, एवढ्या चार कड्या ठोकून द्या. ताई, तुमच्या पाया पडतो. मी म्हणते, पाया पडू नका, पाय मशीनवर आहेत.

मी ताडपत्र्या शिवते. वडील शिवायचे, त्यांच्याकडून आम्ही दोघी बहिणी शिकलो. धाकटीनं लग्नानंतर सोडलं. मी लग्नच केलं नाही, त्यामुळे सोडायचा प्रश्न आला नाही. घराची पुढची खोली म्हणजे माझा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. एक पायमशीन, कापायला लांब फळा, पितळी कड्या ठोकायचा हातोडा आणि भिंतीला टेकवून ठेवलेले ताडपत्रीचे रोल. मागच्या खोलीत मी राहते. एकसष्टाव्या वर्षीही सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

आमच्याकडे वादळ ही काही नवलाई नाही. दर दोन-तीन वर्षांनी येतंच. कुणाचं मूल कधी झालं, कुणी दुकान कधी टाकलं, हे आम्ही वादळांवरूनच सांगतो. हा मुलगा पूल वाहून नेणाऱ्या वादळाच्या आधीचा, ती मुलगी झाडं पाडणाऱ्या वादळाच्या नंतरची. लोक वर्षं विसरतात, वादळं विसरत नाहीत. माझ्या लक्षात एकच आहे, चार वर्षांपूर्वीचं. त्यात माझं छप्पर गेलं आणि आई गेली.

त्या वेळी सगळ्या गावाची छपरं मी झाकली आणि माझं तेवढं राहिलं. शेवटच्या सकाळपर्यंत गिऱ्हाइकं होती. म्हटलं, आपलं काय, घरचंच काम, होईल. धाकटी आली होती आईला न्यायला. शाळेत सगळ्यांची सोय केली होती, तिकडे चल म्हणाली. आई हटून बसली, मला माझ्या खाटेवरून हलवू नका म्हणे. धाकटी म्हणाली, हिला उचलूनच नेऊ, नंतर शिव्या खाऊ. मी म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला तिच्या मनाविरुद्ध हात लावायचा नाही. कडाक्याचं भांडण झालं. ती तरातरा निघून गेली आणि दुपारी छप्पर उडालं. सात तास मी आईवर आडवी पडून होते. नवव्या दिवशी न्यूमोनियानं आई गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात धाकटी मला म्हणाली, "तू मारलंस तिला." मी म्हणाले, "आणि तू सोडून गेलीस."

झालं, तेव्हापासून तोंडाला कुलूप. ती खाडीच्या काठाला राहते, मी चढावर, मधे दहा मिनिटांचा रस्ता. बाजारात समोरासमोर आलो तर मी भाजी निरखते, ती छत्रीच्या काड्या मोजते. तिचा नवरा मागेच वारला होता, मुलगा दूर नोकरीला. म्हणजे तीही एकटी आणि मीही एकटी, आणि दोघींनाही अक्कल नाही.

तर या वेळचं सांगते. वादळ उद्या दुपारी येणार म्हणून रेडिओ ओरडत होता. सकाळी दहाच्या सुमाराला गॅसवाला आला. हा घरोघरी सिलिंडर पोचवतो, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतं आणि कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं त्याला पाठ. तोंड कधी बंद नसतं. त्या दिवशी मात्र आला आणि एक कागद फळ्यावर ठेवून गप्प उभा राहिला.

"काय रे, जीभ आजारी आहे का?" मी विचारलं.

"एक ताडपत्री हवी आहे, ताई. माप लिहिलंय."

"कुणाला?"

"नाव सांगायचं नाही असं बजावलंय."

कागदावर लिहिलं होतं: साडेअठरा बाय चौदा, डाव्या कडेपासून तीन फुटांवर पाईपासाठी गोल भोक, भोकाला दुहेरी शिवण. अक्षर मोठं, काळजीपूर्वक, मुद्दाम बदललेलं. अक्षर बदलता येतं. साडेअठरा बाय चौदा कसं बदलणार? आमच्या वडिलांनी दोघींसाठी दोन घरं बांधली ती एकाच आराखड्याची. विटा तेवढ्याच, पत्रे तेवढेच, चुलीचा पाईपही डाव्या कडेपासून तीन फुटांवरच. उद्या भांडायला कारण नको म्हणाले. गावात असं छप्पर दोनच घरांवर आहे. एकाखाली मी राहते आणि दुसऱ्याखाली ती.

ताडपत्री मागवलीय म्हणजे बाई घरातच बसणार. शाळेत जाणार नाही. शाळेत मी असेन, आणि माझं तोंड बघायला नको म्हणून ती खाडीच्या काठाला एकटी बसणार. खाडीचं पाणी तिच्या खिडकीपर्यंत येतं, हे तिला माहीत नाही का? पण हट्टीपणा आमच्या घरात आईकडून आलाय आणि दोघींनी तो समान वाटून घेतलाय.

"त्यांना सांग, शाळेत जा म्हणावं," मी म्हणाले.

"कुणाला?" गॅसवाला साळसूदपणे म्हणाला.

"ज्यांना ही हवी आहे त्यांना."

"मला नाव सांगायची बंदी आहे ताई, तुम्ही ओळखायची बंदी नाही. पण निरोप मी नेणार नाही. एका बाजूचा निरोप दुसरीकडे नेला की दोन्हीकडून मार खावा लागतो, हे मी चार वर्षांत शिकलोय. संध्याकाळी न्यायला येतो. आणि बांधायला मीच जाणार आहे, शिडी माझी."

तो गेला. मी रोल फळ्यावर लोटला. शेवटचा चांगला रोल होता, जाड, हिरवा. तो मी चांगल्या गिऱ्हाइकासाठी मागे ठेवला होता.

आता आमच्या धंद्यात कापायची एक रीत आहे. माप कितीही असो, चारी बाजूंनी चार-चार बोटं जास्त धरायची, कारण दुमड घालताना आणि आत दोरी ओवताना कापड खाल्लं जातं. वडील म्हणायचे, जास्त झालेली ताडपत्री दुमडता येते, कमी पडलेली रडवते. पत्र्यांवर टाकली की ती खाली वळचणीपर्यंत यायला हवी आणि भिंतीतल्या आकड्यांना कडक बांधली जायला हवी. एका बाजूला जरी तोंड उघडं राहिलं तरी वारा आत शिरतो आणि मग ताडपत्री छप्पर वाचवत नाही, उलट उचलून देते. म्हणून कमी पडलेली ताडपत्री कुणी बांधत नाही. गुंडाळून ठेवतात आणि मुकाट्यानं शाळेचा रस्ता धरतात.

हे माझ्या डोक्यात आलं आणि हात थांबला. चार वर्षांपूर्वी मी आईचं ऐकलं होतं. तिच्या मनासारखं होऊ दे म्हणाले आणि काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. या वेळी मी कुणाच्या मनाचा विचार करणार नव्हते. ही बाई सकाळी ताडपत्री बांधायला घेईल, दोन फूट कमी पडेल, तेव्हा नवी शिवायला वेळ नसेल. मग बसेल कशी तिथे? चडफडत का होईना, शाळेत येईल. मला चार शिव्या घालेल, घालू दे.

मी साडेसोळा फुटांवर खूण केली आणि कात्री चालवली.

खोटं कशाला बोलू, कात्री चालवताना मला बरंही वाटलं. तिच्या जिवासाठी कापत होते हे खरंच आहे. पण 'तू मारलंस तिला' हे चार वर्षं कानात ठेवून मी झोपले होते, आणि त्या कात्रीत तेही थोडं होतं. किती होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

बाकीचं काम मात्र मी असं केलं की वडील असते तर पाठ थोपटली असती. दुहेरी दुमड, आत नायलॉनची दोरी, दर दीड फुटाला कडी, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे. पाईपाच्या भोकाला दुहेरी नाही, तिहेरी शिवण घातली. कापून निघालेली दोन फुटांची पट्टी बाहेरून जाणाऱ्या हातगाडीवाल्यानं मागितली, त्याला देऊन टाकली. म्हटलं, समोर नको. संध्याकाळी गॅसवाला आला, खांद्यावर टाकून घेऊन गेला. वजन बघून म्हणाला, "भारी माल आहे." मी म्हणाले, "गिऱ्हाईकही भारी आहे."

त्या संध्याकाळी मी उगाचच दाराशी उभी राहिले. लोक खिडक्यांना फळ्या ठोकत होते. समोरची सून सासूला औषधांची पिशवी भरायला सांगत होती आणि सासू त्यात फोटो भरत होती. प्रत्येक घरातून कुणी ना कुणी कुणावर तरी ओरडत होतं. माझ्या घरात ओरडायला मी होते, ऐकायला कुणी नव्हतं. मी मशीनला तेल घातलं, त्यावर जुनी चादर टाकली आणि ती चारदा सारखी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ पितळेसारखं झालं होतं आणि वारा अधूनमधून ढकलून बघत होता. मी शाळेत न्यायची पिशवी भरत होते. माझ्या मनात दुसरंच चाललं होतं: शाळेत ती आली की मी कुठे बसू? दाराजवळ बसले तर वाट बघत होते असं दिसेल. मागे बसले तर तोंड लपवलं असं दिसेल. एवढ्यात बाहेर शिडी टेकल्याचा आवाज आला. बघते तर गॅसवाला, सोबत त्याचा भाऊ, आणि खांद्यावर माझी हिरवी ताडपत्री.

"इथे कशाला आणलीस? फाटली का?"

"फाटेल कशी? बांधायला आणलीय."

"कुठे बांधायला?"

"कुठे म्हणजे, तुमच्या छपरावर. धाकट्या बाईंनी सांगितलंय तसं. म्हणाल्या, ती जगाची छपरं झाकेल आणि स्वतःचं उघडं ठेवेल. आणि माझं नाव घेतलंस तर ती शिवायचीच नाही. म्हणून गुपचूप. आता सांगायला हरकत नाही, शिवून झालीय."

मी विचारलं, "आणि ती? तिच्या छपराचं काय?"

"त्या कालच पहाटेच्या बसनं मुलाकडे गेल्या. जाताना मला कागद आणि पैसे देऊन गेल्या. कुलूप लावून गेल्या ताई, तुम्हाला माहीत नाही?"

मला कसं माहीत असणार? दहा मिनिटं चालून गेले असते तर दाराला कुलूप दिसलं असतं. पण मी जाणार? मी? माझं नाक मधे आलं असतं ना. कागद हातात आल्यावर गावात अशी दोन छपरं आहेत हे मीच मनात म्हणाले होते, आणि दोनांतलं एक माझं आहे हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. माझ्यासाठी कुणी ताडपत्री मागवेल, हे मला सुचलंच नाही. एवढं एकटं राहायची सवय झाली की माणूस असा मठ्ठ होतो.

ते दोघे वर चढले. मी खाली अंगणात उभी होते. पाईपाच्या भोकातून पाईप बरोबर आला, डावी बाजू बसली, उजवी बसली. मग गॅसवाला समुद्राच्या बाजूला सरकला आणि थांबला. त्यानं कापड ओढलं, पुन्हा ओढलं. मग वरून माझ्याकडे बघितलं.

"ताई, ही कमी पडतेय. चांगली दोन फूट."

मी अंगणातली दोरी गोळा करायला वाकले.

"तुमचं माप चुकलं?"

"चुकलं," मी म्हणाले.

त्याचा विश्वास बसला नाही. माझं माप चुकलं हे गावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, पट्टी जोडून द्या, अजून तासभर आहे. मी म्हणाले, पट्टी नाही. रोल संपले होते, भिंतीशी नुसत्या पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या होत्या. त्यानं लांब दोऱ्या लावून कशीबशी बांधली, उघड्या बाजूवर रेतीच्या तीन गोण्या टाकल्या. काढून टाक असं मला सांगायला हवं होतं. मला माहीत होतं, उघड्या तोंडाची ताडपत्री नसलेली बरी. पण तिनं माझ्यासाठी मागवलेली वस्तू माझ्या डोक्यावरून काढ, हे शब्द तोंडातून निघेनात. मी म्हणाले, "राहू दे."

शाळेत पाचवीच्या वर्गात मला जागा मिळाली. मुख्याध्यापिका बाईंनी यादीत नाव लिहिताना विचारलं, "सोबत किती माणसं?" मी म्हणाले, "मी आणि पिशवी." त्या हसल्या, मीही हसले. मग वारा आला.

वादळात काय होतं ते काय सांगायचं? ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी बघितलं नाही त्यांना पटत नाही. दुपारी दोन ते सहा, चार तास. भिंतींना धक्के बसत होते, लहान मुलं रडून रडून झोपली, माणसं एकमेकांचे हात धरून बसली. बाकांवर सगळीकडे कुटुंबं होती, चार-चार, सहा-सहा जणांची, गोधड्यांत गुंडाळलेली. माझ्या शेजारची बाई आपल्या नवऱ्याला म्हणत होती, तुम्ही मेलात तर बघा. मला हेवा वाटला तिचा. फोनमध्ये 'धाकटी' म्हणून नंबर होता, चार वर्षं न लावलेला. अकरा वाजता मी लावायला घेतला होता. काय बोलायचं ते जमवण्यात बारा वाजले, आणि बारानंतर फोन मुका झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गेले. छप्पर नव्हतं. भिंती होत्या, दार होतं, दाराला मी लावलेलं कुलूपही होतं, ते मी किल्लीनं उघडलं आणि आत आभाळ होतं. पत्रे शेजारच्या तीन परसांत पसरले होते. समुद्राच्या बाजूचे दोन वासे उपटून आले होते; वारा कुठून शिरला हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? मशीन आडवं पडलं होतं, खाटेवर वाळू. ताडपत्री कोपऱ्यावरच्या भिंतीला अडकलेली सापडली. उलटसुलट करून बघितली. एक कडी सुटली नव्हती, एक टाका उसवला नव्हता. एवढं सुंदर काम मी आयुष्यात केलं नसेल आणि त्यानंच माझं घर उचलून नेलं.

मी तिथेच पायरीवर बसून रडले. छपरासाठी रडले असं लोकांना वाटलं, समोरच्या सासूनं येऊन पाठीवरून हात फिरवला. मी तसंच वाटू दिलं.

तीन दिवस शाळेतच राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन सुरू झाले. शाळेत जनरेटरवर पन्नास फोन एकाच पट्टीला लावून ठेवलेले, माझा त्यात होता. मुख्याध्यापिका बाई ओरडल्या, "ताडपत्रीवाल्या ताई, तुमचा वाजतोय." पडद्यावर 'धाकटी'.

मी फोन घेऊन मैदानात गेले. तीच आधी म्हणाली, "आहेस ना?"

"आहे."

"कोरडी राहिलीस?"

"राहिले."

"छप्पर?"

खरं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ, उघडलं होतं. पण तिनं वाट बघितली नाही. ती बोलतच सुटली, चार वर्षांचं एकदम. म्हणाली, "माप बरोबर होतं ना गं? माझ्याच छपरावर चढून घेतलं मी, दोन्ही सारखीच आहेत म्हणून. ताई, मला त्या वेळीही दिसत होतं तुझ्या छपरावर काही नाही ते. आईला न्यायला आले तेव्हा वर बघितलं होतं मी. घरात माझी जुनी ताडपत्री पडून होती. ती आणून टाकली असती तर... पण मी रागावून निघून गेले. आणि नंतर तुलाच म्हणाले, तू मारलंस. मीच ते बोलले आणि मलाच ते झोपू देत नव्हतं. पुरली ना या वेळी?"

आता मी काय सांगायचं होतं? तू पाठवलेली ताडपत्री मी कापली? तुला अद्दल घडावी आणि तुझा जीव वाचावा म्हणून, दोन्ही एकाच कात्रीनं? आणि तिच्याचमुळे घर गेलं?

"पुरली," मी म्हणाले. "अगदी बेताची बसली."

"छप्पर राहिलं?"

"राहिलं."

ती पलीकडे रडत होती. रडताना लहानपणापासून तिला उचकी लागते, ती ऐकू येत होती. म्हणाली, "मग मी सुटले गं." मी म्हणाले, "सुटलीस." मग नाक पुसत म्हणाली, "एक फोटो पाठव ना छपराचा. मला बघू दे."

मी हो म्हणून बसले.

गॅसवाल्याला गाठलं. म्हटलं, शिडी घे, ताडपत्री घे आणि काही विचारू नकोस. रस्त्यात पडलेल्या फांद्या ओलांडत आम्ही खाडीच्या काठाला गेलो. तिच्या घरात खिडकीपर्यंत चिखलाची रेघ होती, पायऱ्या दिसत नव्हत्या. पण छप्पर जागेवर होतं. तिचं न झाकलेलं छप्पर राहिलं आणि माझं झाकलेलं गेलं. गॅसवाल्याच्या लक्षात आलं असावं मी काय करणार ते. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि तो काही न बोलता शिडी धरून उभा राहिला. इतका वेळ गप्प राहिलेला मी त्याला पहिल्यांदा बघितला.

मी वर चढले. एकसष्टाव्या वर्षी पत्र्यावर चढणं म्हणजे काय ते माझ्या गुडघ्यांना विचारा. ताडपत्री पसरली, पाईपावरून घातली, डावी-उजवी बाजू ओढून घेतली. घरं सारखी, भोक बरोबर जागी. ज्या बाजूला ती कमी पडत होती त्या बाजूला मी स्वतः बसले, म्हणजे उघडे पत्रे फोटोत येणार नाहीत. रस्ता येऊ दिला नाही, खाडी येऊ दिली नाही. नुसती हिरवी ताडपत्री, पाईप आणि वर आभाळ. फोटो चांगला आला. पाठवला.

बराच वेळ काही आलं नाही. ऊन लागत होतं, मी तिथेच बसून राहिले, कारण खाली उतरून जायला घर नव्हतं. मग फोन थरथरला. एवढंच लिहिलं होतं: "दिसलं ताई. आता हळू उतर. तिसऱ्या पत्र्यावर पाय देऊ नकोस, तो गंजलाय."

मी ते दोनदा वाचलं. गंजलेला तिसरा पत्रा तिच्या घराचा होता. माझ्या घराला पत्रेच उरले नव्हते. पाईपाच्या टोपीवरून तिनं ओळखलं असेल, नाहीतर आणखी कशावरून. स्वतःचं छप्पर कोण ओळखणार नाही? तिला सगळं कळलं होतं, आणि त्यातलं तिनं मला काहीच विचारलं नव्हतं.

मी खाली बघितलं. मी तिसऱ्या पत्र्यावरच बसले होते. मग हातांवर भार देऊन, ती सांगते तशी, हळूहळू दुसऱ्यावर सरकले.